शेवटी ३० दोन्हीकडे, मग फरक कुठे?

‘एसएई ३० आणि ५डब्ल्यू-३० ही इंजिन तेलं, दोन्हीत ३० आहेच, मग थंडीत बागेच्या ट्रॅक्टरला वेगळं तेल कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. तो ३० तेल तापल्यानंतरचा दाटपणा सांगतो, १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. थंडीतला घोळ मात्र सुरुवातीच्या काही सेकंदांतच होतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात सहज वाहतं.

माझ्या ट्रॅक्टरमध्ये एका वर्षी उन्हाळ्यातलं एसएई ३० तसंच राहिलं. गोठवणाऱ्या सकाळी चावी फिरवली, तर स्टार्टर दोनदा कण्हला आणि गप्प. मी आपला बॅटरीला शिव्या घालतोय! मग डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची दांडी) काढून पाहिली, तर तेल काकवीसारखं टोकाला लोंबकळतंय, थेंब काही पडेना.

तेव्हापासून बर्फ लोटायचं काम असेल तर ५डब्ल्यू-३०, शक्यतो सिंथेटिक. बेताच्या थंडीत १०डब्ल्यू-३० चालतं. हवेने थंड होणारी इंजिनं कडक उन्हात मल्टिग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० सारखं दोन आकड्यांचं तेल जरा जास्त खातात, तेव्हा उन्हाळ्यात पातळी वरचेवर बघा. मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असेल तर तो आमच्यासारख्यांच्या सल्ल्यापेक्षा वरचढ.

आणि हो, जुनं तेल काढण्याआधी इंजिन पाचेक मिनिटं चालवा. गार तेल सावकाश निथळतं आणि घाण तळाशीच ठेवून येतं. नवं तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नका, नाहीतर निळा धूर निघेल आणि एअर फिल्टरही तेलकट होऊन बसेल.