एकाच हाताने केलेले दोन रूट कॅनाल: पुढचा दात बरा झाला, दाढ का नाही?

प्रश्न (दर्यापूर तालुक्यातील शेतकरी):
माझ्या सौभाग्यवतीच्या वरच्या पुढच्या दाताचे आणि वरच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल गेल्या वैशाखात एकाच डॉक्टरांनी केले. दोन्हींच्या मुळाशी हाडात काळा डाग होता. आठ महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये दाताचा डाग जवळपास भरून आलेला आहे. दाढेचा मात्र तसाच असून त्या बाजूने ज्वारीची भाकर चावली की कळ येते. हात तेच, औषध तेच, मग हा फरक कशामुळे पडला असावा?

उत्तर (दंतवैद्य, वर्धा जिल्हा):
वरच्या पुढच्या दाताला साधारणपणे एकच सरळ, रुंद नलिका (मुळाच्या आतील नस असलेली पोकळी) असते, त्यामुळे ती टोकापर्यंत स्वच्छ करणे तुलनेने सोपे जाते. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात, आणि त्यांपैकी गालाकडचे पुढचे मूळ चपटे असल्याने त्यात निम्म्याहून अधिक वेळा एक नव्हे, दोन नलिका आढळतात. ही चौथी नलिका केसासारखी बारीक असते आणि तिचे तोंड बहुधा डेंटिनच्या (दाताच्या आतील कठीण थराच्या) लहानशा कडेखाली दडलेले असते. ती राहून गेली, तर तिच्यातील जंतू हाडाला भरून येऊ देत नाहीत. शिवाय मुळाच्या शेवटच्या सुमारे ३ मिलिमीटरमध्ये नलिकेला बारीक फाटे फुटतात, जिथे फाइल (नलिका खरवडण्याची बारीक सुई) पोहोचत नाही; तिथे भिस्त सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावाने धुण्यावरच असते.

साध्या एक्स-रेत मुळे एकमेकांवर येतात आणि वरच्या दाढांवर सायनसची (गालाच्या हाडातील पोकळीची) सावलीही पडते. म्हणून तिरप्या कोनातून दुसरा एक्स-रे काढावा, शंका उरल्यास सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय स्कॅन) करावा. हाड भरायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, त्यामुळे केवळ डाग दिसतो म्हणून मी घाई केली नसती. परंतु आठ महिन्यांनी चावताना येणारी कळ हे वाट पाहण्याचे लक्षण नव्हे. दाढेवर कॅप बसवली आहे का?

उत्तर (यवतमाळकडील शिक्षक):
माझ्या खालच्या दुसऱ्या दाढेत नलिका इंग्रजी सी अक्षरासारखी जोडलेली निघाली आणि पुन्हा उपचार करावे लागले. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाताना जुने एक्स-रे सोबत नेले, त्याचा फार उपयोग झाला.

प्रश्नकर्ता:
नाही, डॉक्टरसाहेब. कापूस विकल्यावर कॅप बसवू म्हणून ते राहूनच गेले. वरचे तात्पुरते सिमेंटही एका बाजूने निघाले आहे.

दंतवैद्य:
मग नलिकेइतकाच संशय त्या फटीवर घ्यावा लागेल, कारण तिथून लाळ आणि जंतू आत झिरपतात. केवळ सिमेंट बदलून वर कॅप बसवू नका. आधी दाढेला चीर गेली आहे का ते पाहून घ्या, आणि ती टिकण्याजोगी असेल तर आतील भरण काढून चौथी नलिका शोधायला सांगा. तोवर भाकर दुसऱ्या बाजूने चावावी.