रात्रपाळीच्या मुलीच्या लग्नात आहेर काय करावा? वृद्धाश्रमाचा नियम आडवा येतोय

नाना, सांगली

वय 78. सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षं झाली. बायको गेली, मुलगा-सून पुण्यात. दोघं चांगली आहेत, मी माझ्या मर्जीनं इथं आलोय, त्यामुळं कृपा करून 'अरेरे' लिहू नका.

इथं रात्रपाळीला एक मुलगी आहे, तेविशीतली. गाव भिलवडीच्या बाजूचं. मला रात्री दोननंतर झोप नसते. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षात ड्यूटी लागायची. 2004 ला निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 53 फुटांच्या वर गेलं. एवढा मोठा पूर माझ्याशिवाय आला याचं अजून वाईट वाटतं, हसू नका. सवय काही गेली नाही. कोयना धरणातून विसर्ग किती, आयर्विनला किती फूट, मोबाइलवर बघून वहीत टिपतो.

पहिल्या पावसाळ्यात ती एकदा बीपी बघायला आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "नाना, किती झालं?" म्हटलं, 38. इशारा 40 ला, धोका 45 ला. ती तिथंच स्टुलावर टेकली. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा ही नुकती बारावी झालेली. घर पाण्यात, एक म्हैस दाव्यासकट गेली. मी जन्मभर फूट-इंच लिहिले, पण 57 फूट म्हणजे फळीवरचे पिठाचे डबे घरभर तरंगतात हे मला त्या रात्री कळलं.

तेव्हापासून रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं गप्पा. "झोपला न्हाईसा व्हय अजून?" म्हणत यायची. कधी भडंगाची पुडी आणायची आणि निम्मी स्वतःच संपवायची. मी तिला बँकेचे अर्ज भरून दिले. तिनं मला फोनवर बोलून टाइप करायला शिकवलं. हे तसंच लिहितोय, चुका फोनच्या.

वैशाखात तिचं लग्न आहे. पत्रिका घेऊन आली, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली. "नाना, यायचंच." त्याच आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली: कर्मचाऱ्यांनी निवासींशी वैयक्तिक संबंध ठेवू नयेत, पैसे वा भेटवस्तू घेऊ नयेत, खोलीत विनाकारण थांबू नये. कुणीतरी तक्रार केलीय. आता ती येते, बीपी घेते, आकडा सांगते, जाते. पत्रिका मात्र परत मागितली नाही.

बायकोच्या पाटल्या माझ्याकडं आहेत. घडण जुनी म्हणून सुनेला नको आहेत. त्या पोरीला आहेर म्हणून द्याव्यात असं मनात आहे. द्याव्यात का? आणि लग्नाला जावं का?

माधव, पुणे

नाना, 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार नोंदवा. महिन्याचे पैसे भरता ना? मग कुणाशी बोलायचं ते ऑफिस कोण ठरवणार!

निवृत्त मेट्रन, मिरज

पाटल्या अजिबात नकोत. माझी 31 वर्षं मिरजेतल्या दवाखान्यांत गेली, म्हणून स्पष्ट लिहिते. एका आजींनी आयाबाईला स्वतःच्या हातानं अंगठी दिली होती. पुढं विसरल्या आणि चोरीला गेली म्हणून आरडाओरडा केला. अंगठी पोरीच्या पिशवीत सापडली. आजी नंतर रडत होत्या, "मीच दिली असेल गं, आठवत नाही." पोरीची नोकरी गेली ती गेलीच. तुम्हाला आज सगळं आठवतंय. दोन वर्षांनी?

आणि राग मानू नका, पण ती तुमच्या स्टुलावर टेकते तेव्हा बाकीच्या खोल्यांत कोण असतं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. तासभर उशीर झाला तर भोगतो तो, जखम पडली की बोलणी खाते ती पोरगी.

नाना, सांगली

माधवराव, तक्रार करायची नाहीये हो.

मेट्रनबाई, लागलं, पण बरोबर आहे. रात्री ती एकटी असते आणि खोल्या 14. माझ्या समोरच्या खोलीत एक गृहस्थ आहेत, अर्धांगवायू झालेले. त्यांची घंटा मी ऐकलेली आहे. "जा, मग ये," असंही म्हटलेलं आहे, पण प्रत्येक वेळी नाही. तक्रार कुणी केली असेल ते आता लिहिता लिहिता लक्षात आलं.

रात्रपाळी, जयसिंगपूर

आजोबा मी पण हेच काम करते. 12 तास ड्यूटी. आमच्या 9 नंबरच्या आज्जी गेल्या तेव्हा संध्याकाळपर्यंत चादर बदलून नवीन माणूस आलं पण. मी दोन महिने त्या खोलीत शिरताना "आज्जी" म्हणूनच शिरत होते. घरातलं माणूस गेलं तर रजा मिळते, ह्याला कसली रजा. मॅडम म्हणल्या जास्त जीव लावू नका. जीव काय मापानं लावत्यात व्हय?

पाटल्या देऊ नका. सासरी पहिल्याच दिवशी विचारतील कुणी दिल्या, मग काय सांगायचं तिनं? पण लग्नाला जावा. आम्ही पत्रिका सगळ्यांना देतो, येत कुणी न्हाई.

द्राक्षवाला, तासगाव

501 पाकिटात, वर नाव घालून. तुम्ही 75 च्या पुढचे, एसटी फुकट. आधार कार्ड विसरू नका. लग्नात वैशाखाचं ऊन असतंय, दही-ताक बघून घ्या, श्रीखंड जपून.

नाना, सांगली

नऊ दिवसांनी लिहितोय. ऑफिसात जाऊन पत्रिका दाखवली, 501 चं पाकीट देणार म्हणून सांगितलं. व्यवस्थापकांनी बराच वेळ पेन हातात फिरवलं आणि वहीत नोंद केली. पाटल्या कपाटातच आहेत.

दुसरं असं की रात्री दोनला मी आता खुर्ची घेऊन समोरच्या खोलीत जातो. आधी त्या गृहस्थांना विचारलं. नको म्हणाले नाहीत, पण पहिल्या रात्री भिंतीकडं तोंड करून पडून होते. ती कूस बदलायला आली की मी पाठीमागं लावायची उशी धरतो. तेवढ्यात काय ते बोलणं. तिसऱ्या रात्री गृहस्थ आपणहून म्हणाले, "कोयनेत किती आहे हो सध्या?" म्हटलं, 105 टीएमसीच्या धरणात आता निम्मं पण नाही. तर म्हणाले, "मग यंदा लवकर बोंब." ते मूळचे कोयनाकाठच्या पाटणचे निघाले. आता मी वही घेऊनच जातो, कारण त्यांना कालचा आकडाही लागतो.

मुहूर्त 12:35 चा आहे. टोपी सापडत नाहीये, मुलाला नवी आणायला सांगितलीय.