दीड लाखात लांब पल्ल्याला क्रूझर कुठली घ्यावी? (कराड ते कन्याकुमारी, उंची ५ फूट ४)

खडूफळा
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. वय ४६, प्राथमिक शिक्षक, मुक्काम कराड. सतरा वर्षं स्प्लेंडर चालवली, तिच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही, पण आता मनात असं आहे की दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा दिवस काढून दुचाकीवर कन्याकुमारी करून यायची. क्रूझरच पाहिजे, पाय पुढं सोडून बसायची हौस जुनी आहे. बजेट दीड लाख, ते पण गाडी, हेल्मेट, बॅगा सगळं धरून, त्यामुळे जुनी चालेल. सौ. मागं बसणार आहे, निदान तसं म्हणते तरी. कंबर अधूनमधून धरते (माझी). तर गाडी कुठली, रस्ता बेंगळुरूवरून की किनाऱ्यानं, आणि कंबरेचं काय, एवढे तीन प्रश्न.

थंपथंप_कोल्हापूर
रॉयल एनफिल्डची मिटिओर ३५०. विषय संपला सर. सीट ७६५ मिमी म्हणजे तुमचे दोन्ही पाय आरामात टेकतात, टाकी १५ लिटरची, अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर. ८०-८५ ला लावा आणि गाणी म्हणत जावा. सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के झाला त्यामुळे नवीन पण स्वस्त पडतीय. बजेट जरा ताणा की, आयुष्यात एकदाच घेणार.

पेठेतून
वरच्यांना दीड लाख हा आकडा दिसला नसावा. हेल्मेट आणि बॅगा त्यातच आहेत हेही लिहिलंय. नवी मिटिओर रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या पुढे जाते. सर, सरळ बजाजची जुनी अ‍ॅव्हेंजर २२० बघा. सीट ७३७ मिमी, वजनाने मिटिओरपेक्षा (१९१ किलो) बरीच हलकी, ऑइल कूल्ड इंजिन, आणि कराडमधला कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. माझ्याकडे २०१४ पासून आहे. उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट घ्या, फुटपाथवरचं नको.

सुपर६५०
३५० वर डबल सीट, सामान आणि घाट? आंबोली चढताना मागून एसटी हॉर्न मारेल. घ्यायची तर सुपर मिटिओर. ६४८ सीसी, ४७ पीएस, १२० ला पण दम लागत नाही. मी गेल्या हिवाळ्यात पुणे–हंपी–पुणे केलं, थकवा शून्य.

पेठेतून
२४१ किलोची गाडी पाच फूट चार उंचीच्या माणसाने चढावर रिव्हर्समध्ये कशी काढायची तेही सांगून टाका. आणि ३५० च्या वर जीएसटी ४० टक्के झालाय. दीड लाखात टाकी आणि हँडल येईल.

टेक्सासकाका
खडूफळा सर, अभिनंदन, वय हा नुसता आकडा आहे. इकडे डॅलसला माझ्याकडे हार्लेची रोड किंग आहे, १७४६ सीसी, क्रूझ कंट्रोल लावला की हात सोडून बसावं अशी. लांबच्या प्रवासाला मोठं इंजिन आणि मोठी विंडशील्ड ह्याला पर्याय नाही. भारतात काय मिळतं कल्पना नाही पण तत्त्व तेच.

थंपथंप_कोल्हापूर
काका हिकडं हात सोडून बसला तर समोर म्हस आडवी येतीया.

नीलाक्षी_के
सर, माझी उंची पाच फूट एक आहे, चार वर्षं क्रूझर चालवतेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते. कंबरेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो की क्रूझर म्हणजे आरामखुर्ची. स्प्लेंडरवर तुमचे पाय खाली असतात, खड्डा दिसला की पायांवर भार देऊन बूड दोन बोटं वर उचलता येतं. क्रूझरवर पाय पुढे असतात त्यामुळे उठताच येत नाही, खड्ड्याचा सगळा हिशोब माकडहाडावर. पहिल्या तासात स्वर्ग वाटतो, चौथ्या तासाला कळतं. म्हणून घेण्याआधी कुणाची तरी मागून घ्या आणि सलग १०० किमी चालवून बघा, शोरूमच्या गल्लीतला फेरा काही कामाचा नाही.

बाकी माझे उपाय: आत सायकलवाल्यांची पॅड असलेली चड्डी (हसू नका), सीटवर घोंगडीची दुमडलेली पट्टी, आणि दर ६०-७० किलोमीटरला खाली उतरायचं म्हणजे उतरायचंच, तहान लागो न लागो. एअर कुशन वगैरे मी घेऊन पाहिलं, वळणावर गाडी एकीकडे आणि आपण एकीकडे असं होतं. विंडशील्ड लावलीत तर तिची वरची कड हनुवटीच्या आसपास येऊ द्या, तिच्यावरून बघता आलं पाहिजे. डोळ्यांसमोर कड आली तर पावसात काही दिसत नाही आणि हेल्मेट दिवसभर थडथडतं. आणि मागच्या माणसाला बॅकरेस्ट हवाच. माझ्या आईला एकदा बॅकरेस्टशिवाय गणपतीपुळ्याला नेली होती, ती येताना एसटीने आली.

विदर्भ_एक्सप्रेस
काय राजेहो, क्रूझर न् फिजर. म्या युनिकॉर्नवर नागपूर ते कन्याकुमारी करून आलो, नागपूरहून एनएच ४४ सरळसोट खाली जाते, वळाचं कामच नाही. साडेतीन दिवसात पोचलो. गाडीनं जाता का हौसेनं जाता?

खडूफळा
हौसेनंच जातोय म्हणून तर विचारलं. नीलाक्षीताई, फार उपयोगी लिहिलंत, घोंगडी घरात आहे.

पाना_पक्कड
ट्यूबलेसचा मुद्दा वर कुणीतरी एका वाक्यात उडवला, त्यावर बोला जरा. माझी क्रूझर तारांच्या चाकांची, म्हणजे आत ट्यूब. तीन वर्षांपूर्वी अणशी घाटातून कारवारला उतरताना मागचं चाक बसलं. रविवार, साडेपाच वाजलेले, मोबाइलला एक कांडी रेंज नाही, दोन्ही बाजूंना जंगल. ट्यूबलेस असतं तर पट्टी खुपसून पंपाने हवा भरून वीस मिनिटांत निघालो असतो. इथे चाक काढायचं, टायर उतरवायचा, आणि माझ्याकडे नवी ट्यूब होती पण एक्सल खोलायचा पाना घरी! दीड तासानं एक काजू नेणारा टेम्पो आला, त्यानं गाडी आडवी घालून कारवारपर्यंत नेली, पैसे पण घेतले नाहीत, नुसता म्हणाला पाना ठेवत जा. तेव्हापासून हे आयडी. तर तारांची चाकं असतील तर पुढची मागची दोन्ही ट्यूब, टायर लिव्हर आणि बरोब्बर मापाचा पाना. क्लच केबल जास्तीची घ्या, आणि ती बॅगेत न ठेवता चालू केबलच्या शेजारूनच टेपने बांधून न्या, तुटली की नुसती दोन टोकं बदलायची.

थंपथंप_कोल्हापूर
हेच म्हटलं होतं मी. ट्यूबलेस. मिटिओर.

पेठेतून
अ‍ॅव्हेंजर क्रूझला तारांची चाकं आहेत हे मान्य. पण इतक्या वर्षांत मला तीन पंक्चर, तिन्ही घरापासून एक किलोमीटरच्या आत.

सिंगल_सायलेन्सर
बॅगेबद्दल कोणी बोललंच नाही. मी ऑनलाइन स्वस्तातल्या सॅडल बॅगा मागवल्या, स्टँड लावला नाही, नुसत्या लटकवल्या. तवंदी घाटात बायको म्हणाली काहीतरी जळतंय, मी म्हटलं ट्रकचे ब्रेक. निपाणीला थांबलो तर उजवी बॅग सायलेन्सरवर बसून तळ वितळलेला आणि माझे सगळे आतले कपडे एकमेकांना चिकटून एकच मोठा कपडा झालेला. आठवडी बाजार होता म्हणून निभावलं. सॅडल स्टँडशिवाय बॅग लावू नका.

मिसळप्रेमी
निपाणीला थांबलात आणि कोल्हापूरला मिसळ खाल्ली नाही?

सिंगल_सायलेन्सर
खाल्ली, पण कराडला जास्त चांगली मिळते.

थंपथंप_कोल्हापूर
असलं काय बोलू नका हां. धागा गाडीचा आहे म्हणून सोडतोय.

(इथून पुढे अकरा प्रतिसाद मिसळ, कट आणि रश्शावर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

विटेकर_मदुराई
राम राम गुरुजी. मी विट्याकडचा, गलाईचं म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम, वीस वर्षं झाली मदुराईत आहे. गावाला वर्षातून दोनदा गाडीनं येणं-जाणं असतं. इथं सगळे गाडीवर भांडताहेत, पण तुम्ही दिवाळी म्हणालात तिकडं कुणाचं लक्ष नाही. आपल्याकडं दिवाळीला पाऊस संपलेला असतो, इकडं तेव्हाच चालू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूचा खरा पावसाळा, ईशान्येकडून येतो, केरळात पण दुपारनंतर विजा कडकडून पडतो. दोन माणसं, नवीन गाडी, पाठीवर पाऊस, कशाला? जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगला, नाहीतर मग तयारीनं या.

रस्त्याचं म्हणाल तर कराडहून बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळुरू, मग होसूर, सेलम, मदुराई, कन्याकुमारी. बहुतेक सगळा चार पदरी किंवा जास्त, दुचाकीला टोल नाही. बेंगळुरूहून म्हैसूरकडं वळायचं डोक्यात असेल तर त्या एक्स्प्रेसवेवर ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी बंद आहे, सर्व्हिस रोडनं जावं लागतं. किनाऱ्याचा एनएच ६६ म्हणजे आपला पनवेलहून निघणारा मुंबई-गोवा, तोच थेट कन्याकुमारीपर्यंत येतो. कारवार ते मंगळूर बघण्यासारखा आहे, पण केरळात गाव संपतच नाही, एकाला एक चिकटलेलं, त्यात रुंदीकरणाची कामं. दिवसाला २०० किमी झाले तरी खूप म्हणा. म्हणून जाताना एक आणि येताना एक असं करा.

एक शेवटचं. तिरुनेलवेलीहून कन्याकुमारीकडं अरळवायमोळीची खिंड लागते, मुप्पंदलच्या पवनचक्क्या तिथंच. मी एकदा जूनमध्ये मोटरसायकलवर होतो, विंडशील्डवाली. वारा बाजूनं असा लागला की मी सरळ जायला गाडी तिरकी धरून चालवत होतो आणि ट्रकच्या आडोशाला आलो की वारा एकदम बंद, गाडी आपोआप ट्रककडं. तिथं हळू चालवा. रात्री कुठं अडचण आली तर सराफ बाजारात जाऊन मराठीत हाक मारा, आपली खानापूर-आटपाडीकडची माणसं जवळजवळ प्रत्येक गावात आहेत.

नीलाक्षी_के
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी. आणि सर, केरळात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं (लागतं सगळीकडेच, तिकडे खरंच विचारतात). वहिनींचं हेल्मेट बजेटमध्ये धरा.

सुपर६५०
वाऱ्यासाठीच म्हणतो जड गाडी पाहिजे. सुपर मिटिओर.

फॉर्म_तीस
जुनी घेणार असाल तर माझ्यासारखं करू नका. मी व्यवहार केला, पैसे दिले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, आणि मग कळलं की आरसीवर कर्जाचा बोजा तसाच आहे. मालकाने कर्ज फेडलेलं, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कधी घेतलाच नव्हता. आठ महिने हेलपाटे. आधी आरसी बघा, मग गाडी बघा. विमा पण स्वतःच्या नावावर करून घ्या, नावावर झाल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा.

विदर्भ_एक्सप्रेस
युनिकॉर्नची आरसी क्लिअर आहे, पाहिजे असन तं सांगा.

खडूफळा
मंडळी, दोन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार. गाडी घेतली. आता बोलणी खायची तयारी ठेवून सांगतो.

मिरजेला एकाची अ‍ॅव्हेंजर बघायला गेलो होतो. ती ठीकच होती. पण तिच्यामागं, गोधडीखाली झाकलेली, एलिमिनेटर उभी होती. १७५ ची, कावासाकी-बजाजची, २००३ चं मॉडेल. २००१ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा मी डी.एड. करून घरी बसलेलो, नोकरी नाही, आणि साताऱ्याला शोरूमच्या काचेला नाक लावून अर्धा तास उभा राहिलो होतो. वॉचमननं हाकललं होतं. गोधडी काढली तर मीटरच्या काचेवर जरासं धुकं धरलेलं आणि टाकीवरचा रंग जशाचा तसा. मालक म्हणाले विकायची नाही. मी तिसऱ्यांदा चहा घेतल्यावर म्हणाले ४२ हजार.

दोनदा पासिंग करून घेतलंय, आरसी २०२८ पर्यंत आहे, बोजा नाही (फॉर्म तीस साहेब, आधी आरसीच बघितली). सौ.नं फक्त पाठ टेकायला आहे का एवढं बघितलं, आहे. मिरज ते कराड चालवत आणली, ताई म्हणाल्या तसं चौथ्या तासापर्यंत जायची वेळ आली नाही, पण माकडहाड पेठनाक्यालाच बोलायला लागलं. कन्याकुमारी आता जानेवारीच्या शेवटाला, रजा मिळाली तर. दिवाळीत आंबोली, कारवार, गोकर्ण एवढंच.

आता एक प्रश्न. मागचा टायर पार गुळगुळीत झालाय, त्यावर १३०/९०-१५ लिहिलंय. कुठं मिळेल?

पेठेतून
अ‍ॅव्हेंजरचा टायर याच मापाचा आहे, कुठेही मिळेल. एलिमिनेटर बंद करूनच २००५ ला अ‍ॅव्हेंजर आणली होती. म्हणजे शेवटी माझंच ऐकलंत, फक्त अ‍ॅव्हेंजरचे वडील घेतलेत.

पाना_पक्कड
तारांची का अलॉय?

थंपथंप_कोल्हापूर
२२ वर्षांची गाडी!! सर, ते उरलेले एक लाख आठ हजार बाजूला ठेवा. मार्चमध्ये मिटिओर बघायला मी येतो तुमच्याबरोबर.