नागपुरात घरच्या घरी स्टुडिओ टाकायचा आहे : कूलर बंद, खिडकी बंद, मग गायचं कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मानेवाड्यात आमचं घर आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून वरच्या मजल्यावरची १० बाय १० ची खोली रिकामी पडली आहे. तिथे छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकायचा विचार करून राहिलो. नोकरी सोडणार नाही, संध्याकाळी आणि रविवारी जमेल तेवढं काम. तबला-पेटीवाल्यांमध्ये उठबस असल्याने गिऱ्हाईक मिळेल असं वाटतं. तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी खंजिरी मंडळं आहेत, कराओकेवाले काका-काकू आहेत (नागपुरात त्यांना काय तोटा!), शिवाय भीमगीतं गाणारी पोरं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गर्दी लोटायच्या आत गाणं यूट्यूबवर चढवायची त्यांना घाई असते.

बजेट दीड लाख, खोलीच्या कामासकट. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप घरी आहे, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) शिकून झालं आहे.

खरी पंचाईत उन्हाळ्याची. डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की त्या खोलीच्या भिंती रात्री अकरालाही हाताला चटका देतात. कूलरला खिडकी उघडी लागते आणि स्टुडिओला बंद! परवा भाच्याचं गाणं मोबाइलवर घेऊन पाहिलं, तर मागे पंख्याची घरघर, कूलरच्या ताट्यांवरून टपटपणारं पाणी आणि ऐन अंतऱ्यात भाजीवाल्याची आरोळी. मे-जूनमध्ये स्टुडिओ बंदच ठेवायचा का? तुम्ही काय करता?

एक दुकानदार चारही भिंतींना आणि छताला फोम लावा म्हणतो, बाहेरचा आवाज येणारच नाही म्हणे. खरं आहे का हे? माइक कंडेन्सर (नाजूक, बारीक आवाजही टिपणारा) घ्यावा की डायनॅमिक (दणकट, जवळचाच आवाज घेणारा)? आणि पैसे तासावर घ्यावेत की गाण्यामागे?

प्रतिसाद १

भाऊ, फोमवाल्याला आधी थांबवा. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, तोही वरच्या पट्टीतला. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. भरीव दरवाजा, त्याला रबराची पट्टी, खिडकीला आतून दुसरी जाड काच. भाजीवाला तिथेच अडेल.

दुसरं, तुमची खोली चौरस आहे, हे जरा त्रासाचं. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्हीकडून फुगतो. छतही १० फुटांवर असेल तर विचारूच नका. डग्गा वाजला की खोलीच वाजते. चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या लाकडी चौकटीत कापड लावून बनवून घ्या आणि कोपऱ्यांत उभ्या करा. पातळ फोमला ते काम झेपत नाही.

उन्हाळ्याचं म्हणाल तर कूलर विसरा. आवाज सोडाच, त्याची ओल कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला (आवाज टिपणाऱ्या भागाला) बाधते आणि चरचर सुरू होते. स्प्लिट एसी घ्याच. गायक यायच्या आधी खोली गारेगार करायची आणि टेकच्या (प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या) वेळी एसी बंद. पाच मिनिटांच्या गाण्याला काही होत नाही बाप्पा. गच्चीवर उन्हाळ्याआधी पांढरा रंग मारा, फरक जाणवतो. एसीची लाइन वेगळी काढा आणि अर्थिंग तपासून घ्या, नाही तर रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते.

एसीला पैसे गेले म्हणून माइकवर रडू नका. अशा खोलीत सुरुवातीला शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक बरा, तो लांबचे आवाज कमी उचलतो. कंडेन्सर नंतर घ्या, पण इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) देणारा आत्ताच घेऊन ठेवा. आणि खंजिरीवाले आले की लेव्हल खाली! २४ बिटवर रेकॉर्ड करताना आवाजाचं शिखर उणे १२ डीबीच्या आसपास राहिलं तरी पुष्कळ. थाप बसली की लाल दिवा (आवाज फाटल्याची खूण) लागतोच.

प्रतिसाद २

काका, पैशाचं मी सांगते. गाण्यामागे घेऊ नका. कराओकेवाले एका मुखड्यासाठी दुपार खातात आणि वर चहा मागतात. रेकॉर्डिंग तासावर, मिक्सिंग वेगळं, निम्मे पैसे आधी. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पैसे. हे भिंतीवर लिहूनच ठेवा, ओळखीत तोंडाने बोलवत नाही.

कराओके ट्रॅक गिऱ्हाइकाने आणला असेल तर बिलावर तसं लिहा. उद्या यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आला की लोक स्टुडिओवाल्याशी भांडतात. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. घरगुती मीटरवर धंदा चालवायचं मात्र महावितरणला आधी विचारून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फोम रद्द. एसीवर घरात एकमत झालं, सौ. म्हणते दुपारी खोली तिची! खिडकीचं तेवढं अजून सांगा : आतली काच किती जाडीची घेऊ आणि दोन काचांमध्ये अंतर किती ठेवू? सुतार रविवारी माप घ्यायला येतो आहे.