हरवलेल्या माणसाच्या कादंबरीतली रूपकं खऱ्या रानात टिकतील का?

शब्दवाट
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात घडणारी साहस कादंबरी लिहितोय, साधारण 40,000 शब्दांची. जुलै महिना. कणकुंबीहून निघालेला 19 वर्षांचा पोरगा भीमगडच्या बाजूला वाट चुकतो आणि चौथ्या दिवशी बाहेर येतो. वरून साहस, आतून आपल्या सीमाभागाची गोष्ट. आग म्हणजे आशा: तो दोन दगड घासून ती पेटवतो. दुसऱ्या रात्री त्याची थरथर थांबते, म्हणजे भीती सरली. चकवा म्हणजे सरकारदरबारचे हेलपाटे. जळू म्हणजे सावकार: ती चावताच पोरगा किंचाळतो. नदी म्हणजे आई: तिच्या काठानं चालत तो घरी पोचतो. वाचणारे म्हणतात, रूपकं वरून चिकटवल्यासारखी वाटतात. नेमकं काय चुकतंय?

रानवारा
थरथरीपासून सुरू करतो, कारण तिथं अर्थच उलटा झालाय. भिजलेला माणूस गारठून मरायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, डोंगरावरचा वारा आणि वीस अंशांच्या खालची हवा एवढं पुरतं. अंगाच्या आतलं तापमान 35 अंशांखाली उतरलं की आधी जोराची थरथर सुटते. मग बोटं ऐकत नाहीत, शर्टाचं बटण लागत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात. आणखी खाली, साधारण 32 च्या आसपास, थरथर थांबते. ऊब आली म्हणून नव्हे, स्नायूंत थरथरायचंही बळ उरलेलं नसतं म्हणून. काहींना तेव्हा उकडल्यासारखं होतं आणि ते अंगावरचे कपडे काढून टाकतात.

म्हणजे तुमच्या पोराची भीती सरलेली नाही, तो मरायला टेकलाय. हेच ठेवा की! गावात ओरडा थांबला म्हणजे प्रश्न मिटला, असं लांब बसलेल्यांना वाटतं. त्या शांततेचं याहून खरं रूप तुम्हाला मिळायचं नाही. फक्त बटणाचा प्रसंग आधी येऊ द्या. वाचकानं ती बोटं बघितली असतील तर थरथर थांबल्यावर त्याच्या पोटात गोळा येईल.

चूलखंड
आगीचं मी सांगते. साधे दोन दगड घासून आग होत नाही. जुन्या लोकांच्या बटव्यात गारगोटी असायची, पण तिच्यासोबत पोलादाची चकमक आणि ठिणगी धरणारा कोरडा कापूसही असायचा. जुलैत कणकुंबीच्या पावसात तो कापूसच कोरडा राहणार नाही.

पोराकडं लायटर द्या. खिशातला ओला लायटर फुंकून, पुसून, काखेत धरून सुकवावा लागतो. जमिनीवर पडलेलं लाकूड उचलायचं नाही, ते पाणी प्यालेलं असतं. झाडावरच वाळून अडकलेली फांदी काढायची, कोयत्यानं उभी चिरायची आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या पातळ साली काढायच्या. मग तीन ढीग: काडेपेटीच्या काडीएवढं, पेन्सिलीएवढं, अंगठ्याएवढं. खाली काटक्यांचा थर, नाहीतर ओली जमीन आग गिळते. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी असली तर ती पावसातही पेट धरते. बहुतेकांची आग एकाच कारणानं विझते: बारीक काड्या मूठभर जमवून घाईनं मोठं लाकूड ठेवतात.

आशा म्हणून आग घ्यायची असेल तर ज्वाळेपेक्षा त्या तीन ढिगांवर दोन पानं खर्च करा. तासभराची तयारी आणि क्षणभराची ठिणगी, आशा तशीच असते.

शब्दवाट
हे फारच कामाचं आहे. चकवा आणि जळू तरी ठीक आहेत ना?

उंबरठा
चकवा उत्तम, पण कारणासकट लिहा. सूर्य किंवा ओळखीची खूण दिसत नसली की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. 2009 साली जर्मन संशोधकांनी हे जंगलात आणि वाळवंटात तपासलं. ढगाळ दिवशी जंगलात चालणारे पुन्हा आपल्याच वाटेवर आले. डोळे बांधलेले लोक तर 20 मीटर व्यासाच्या वर्तुळातही फिरले. जुलैत आपल्याकडं धुकं, वर झाडांचं छत. चकवा लागला की बसून राहावं, उजाडल्यावर उठावं, हा जुन्यांचा सल्ला आजही बरोबर ठरतो. फायलीचे हेलपाटे दाखवायचे तर पोराला त्याच्याच बुटाचा ठसा भेटू दे, आणि तो दुसऱ्या कुणाचा समजून त्याला आनंद होऊ दे.

जळूचं मात्र बदला. ती लागलेली कळतच नाही. तिच्या लाळेनं रक्त गोठत नाही, म्हणून ती गळून पडल्यावरही जखम वाहत राहते. पोराला पायमोजा लाल झालेला दिसेल तेव्हा जळू तिथं नसेल. सावकार फिटल्यावरही घर रिकामं होत राहतं, ते हेच. (निपाणीच्या तंबाखूचं पाणी मोज्यांना लावलं तर जळवा लांब राहतात. पोराला ते उशिरा आठवू दे.)

मलप्रभाकाठ
नदी राहिली. आई म्हणा, पण कोणती? मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला खानापूरवरून पुढं कूडलसंगमला कृष्णेत मिळते. म्हादई त्याच तालुक्यात उगवते, पण पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. ‘पाण्याच्या काठानं खाली चला’ हा सल्ला पूर्वेकडं गावाला नेतो, पश्चिमेकडं कड्यावर. सह्याद्रीचे ओढे सरळ खाली कोसळतात. वज्रपोहा धबधबा म्हादईवरच आहे. अशा जागी काठ सोडून डोंगराच्या सोंडेवरनं उतार शोधावा लागतो, आणि धुक्यात कडा दिसायच्या आधी पाण्याचा आवाज ऐकू येतो.

एकाच माळावर जन्मलेल्या दोन नद्या दोन समुद्रांना जातात. सीमाभागासाठी एवढं आयतं रूपक दुसरं मिळणार नाही. चूक होऊ द्यायची असेल तर पहिल्या दिवशी त्याला पश्चिमेच्या ओढ्याला लावा.

शेवटचं, वाटेत वन खात्याचा कन्नड फलक आणलात तर तो त्याला वाचता येत नाही असं लिहू नका. खानापूरचा पोरगा कन्नड वाचतो. फलक वाचता येतोय, पण बाण कुठल्या वाटेकडं आहे ते गंजानं खाल्लंय, असं करा.