पॉलिअ‍ॅनिलीन प्रायमर हार्डनर घालताच निळा पडतो, कडा गंजतात

खारवारा, वास्को:
धक्क्यावरच्या माइल्ड स्टीलच्या ब्रॅकेटांना वीज वाहू शकणाऱ्या प्लास्टिकचं म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीनचं इपॉक्सी प्रायमर लावलं. हायड्रोक्लोरिक आम्लात बनवलेली हिरवी पावडर, रेझिनमध्ये ५ टक्के. अमाइन हार्डनर पडताच रंग निळा झाला. महिन्याभरात कडांना तांबूस डाग. पावडर खराब असेल का? पावसाआधी दुसरा हात मारायचाय.

घोटणी:
निळ्याची काळजी सोडा. हिरवं असतं ते एमेराल्डाइन सॉल्ट, वीज वाहणारं. अमाइन त्यातलं आम्ल ओढून घेतं आणि निळा बेस उरतो. वीज वाहत नसली तरी बेसही गंज अडवतो. मात्र ते आम्ल हार्डनरचा थोडा वाटा खातं, म्हणून कोट मऊ राहू शकतो. त्याहून वाईट म्हणजे त्या आम्लातलं क्लोराइड, ते गंज वाढवतं. खाऱ्या हवेचं मीठ कमी होतं म्हणून तुम्ही रंगातूनही घातलंत!

पावडर ३ टक्के अमोनियाच्या पाण्यात रात्रभर ढवळा, गाळा, धुवा. धुण्याच्या पाण्यात आधी पातळ नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. पांढरट झालं तर क्लोराइड उरलंय, अजून धुवा. नायट्रिक विसरलात तर अमोनिया तो पांढरा साका विरघळवतो आणि पाणी फसवं स्वच्छ दिसतं. ६० अंशांवर वाळवून १ ते २ टक्केच घाला. हेगमन गेजवर (रंगातले कण किती बारीक ते दाखवणारी खाचेची पट्टी) २५ मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत घोटा. गुठळी राहिली की तिच्या कडेनं पाणी आत शिरतं.

मायक्रॉनमास्तर:
कडांचा दोष पावडरीवर ढकलू नका. धारदार कडेवरून रंग मागे सरतो, तिथे थर निम्माही उरत नाही. ग्राइंडरनं २ मिमी गोलाई द्या, ब्रशनं कडांना वेगळा हात द्या, मग स्प्रे. ब्लास्टिंग (कणांचा मारा) एसए २.५, म्हणजे गंज जवळपास पूर्ण निघेपर्यंत. त्याआधी गोड्या पाण्यानं धुणं, नंतर ब्रेसल पॅचनं (पत्र्याला चिकटवून आत पाणी सोडायचा तुकडा) मीठ तपासणं. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते) किमान ३ अंश गरम हवा, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. मे महिन्यात किनाऱ्यावर संध्याकाळी हे जमणं कठीण, तेव्हा सकाळी ब्लास्ट आणि दुपारीच पहिला हात.

खारवारा, वास्को:
खाली झिंक-रिच (जस्ताची भरपूर पूड असलेला) प्रायमर देऊन वर हे चालेल का?

घोटणी:
नको. झिंक स्वतः झिजून पोलाद वाचवतं. पॉलिअ‍ॅनिलीन पोलादावर घट्ट ऑक्साइड धरून ठेवतं. आम्लवालं सॉल्ट तर झिंकच खाईल. टाचणीएवढं छिद्र, बारीक चरा इतपत पॉलिअ‍ॅनिलीन सांभाळतं. रुंद जखमेत खारं पाणी बसलं की त्याचा जोर संपतो, आणि वाहक थर कॅथोड (स्वतः न गंजणारं टोक) बनून उघड्या पोलादाला उलट जास्त गंजवू शकतो. वर इपॉक्सीचे दोन हात आणि पॉलियुरेथेन, एकूण २५० मायक्रॉन तरी. ट्रॉलरचे दोर घासतात ते ब्रॅकेट काढून हॉट-डिप गॅल्व्हनाइज (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून घ्या.