निवृत्तीनंतर युरोपात दोन-तीन महिने एकाच गावी राहायचंय, नाशिककरांचे अनुभव हवेत

इंदिरानगरच्या बाई:

नमस्कार. मी ५९, हे ६३. मी यंदा शाळेतून निवृत्त झाले, हे तीन वर्षांपूर्वी ओझरच्या नोकरीतून. २०१९ ला आम्ही टूरबरोबर बारा दिवसांत सहा देश केले होते. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला तळ्याकाठच्या बाकावर एक आजी-आजोबा सफरचंद कापून खात बसले होते, आणि आमच्या मॅनेजरची हाक आली, बस सुटतेय. तेव्हापासून मनात आहे की एकदा आपणही त्या बाकावर बसायचं, घड्याळ न बघता.

व्हिसा किती दिवसांचा मिळतो? मोठं शहर घ्यावं की लहान गाव? ह्यांना बीपी आणि साखर दोन्ही आहे, तिकडे काही झालं तर? आणखी एक. ओळखीचे एक जण म्हणतात, इथलं घर विका आणि पोर्तुगालला कायमचेच जा, पेन्शनवर राहू देतात. मुलगा पुण्यात असतो, तो ऐकूनच गप्प झाला. खरं काय ते सांगा.

जुना प्रेसवाला, नाशिकरोड:

ताई, सविस्तर लिहितो. आम्ही सुरुवात केली तेव्हा आम्हाला विचारायला कुणी नव्हतं. मी इथल्या सरकारी प्रेसमध्ये पस्तीस वर्षं काढली. देशभरातल्या लोकांचे पासपोर्ट इथेच छापले जातात, पण माझा स्वतःचा निघाला तो निवृत्तीच्या वर्षी. आतापर्यंत आमच्या तीन फेऱ्या झाल्या. २०२३ ला काल्दास दा रैन्या आणि २०२४ ला कोइंब्रा, दोन्ही पोर्तुगालमध्ये. २०२५ ला इटलीत बोलोन्या. दर वेळी एकच गाव, एकच भाड्याचं घर.

आधी दिवसांचा हिशोब, कारण तो चुकला तर पुढचा व्हिसा अडतो. शेंगेनचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे, २९ देश मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. पोचल्याचा दिवस धरायचा आणि निघाल्याचाही. १ एप्रिलला उतरलात तर नव्वदावा दिवस २९ जून. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, पोर्तुगालचे साठ झाले की इटलीत तीसच उरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली आहे. दिवस आता संगणक मोजतो, तेव्हा एक दिवससुद्धा ओढू नका. आम्हाला एप्रिल ते जून सोयीचं पडतं. नाशिकचा मे टळतो आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पुराचं पाणी लागायच्या आत आम्ही घरी असतो.

जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. सहा महिने आधीपासून करता येतो. फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा. आम्ही पेन्शनचे कागद, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि घरपट्टीची पावती जोडली, पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठलं, व्हिसा केंद्रात ठसे दिले आणि रात्री घरी. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. आमचा तिसरा असा दोन वर्षांचा आला. मुदत लांबली तरी ९० दिवसांचा नियम तोच राहतो.

गावाबद्दल माझं ठाम मत आहे. लहान गाव घ्या, ज्यात रोजचा बाजार पायी गाठता येतो. काल्दासला भर चौकात रोज सकाळी उघड्यावर फळ-भाजी बाजार भरतो. पहिल्याच दिवशी ही एका वयस्कर बाईंच्या मांडणीपुढे उभी राहिली. भाषा येत नाही. बोट दाखवून सरळ मराठीत म्हणाली, "बटाटा". बाई म्हणाल्या, "बताता", आणि पिशवी उघडली. मग हिने कोबी दाखवला. बाई म्हणाल्या, "कोव". हिने माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, ह्या कोबीच म्हणाल्या ना?" बटाटा, कोबी, पाव, साबण, चावी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले हे मी वाचलेलं होतं, पण त्या चौकात ते ऐकताना हिचा चेहरा जो फुलला, तो मला अजून दिसतो. आठ दिवसांत बाईंना हिचं नाव पाठ झालं. जूनमध्ये निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी चेरीचा पुडा हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. त्या गावात १८८४ पासून चिनीमातीच्या भांड्यांचा एक कारखाना आहे, कोबीच्या पानांच्या आकाराच्या हिरव्या थाळ्यांसाठी नावाजलेला. तसली एक थाळी आम्ही कपड्यांत गुंडाळून आणली. हल्ली ही त्यात कोथिंबीर निवडते.

आता आजारपण. कोइंब्राच्या जुन्या भागात चढणीच्या पायऱ्या आहेत, नाव 'केब्रा कोस्तास', म्हणजे पाठमोडी. मे महिन्यात पाऊस पडून गेला होता, दगड गुळगुळीत, हिचा पाय सरकला. मनगटाचं हाड मोडलं. खाजगी दवाखान्यात प्लास्टर घातलं, ६४० युरो झाले. डॉक्टर, नर्स फार चांगले वागले. पण आम्ही विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी फोन केला नव्हता, म्हणून पैसे खिशातून भरावे लागले आणि परत मिळायला अडीच महिने गेले. त्या रात्री हात गळ्यात बांधून ही म्हणाली, "आपण परत जाऊया." मी रात्रभर जागा होतो. सकाळी घरमालकीणबाई सूप घेऊन आल्या, भांडी घासून गेल्या, आणि तो विषय परत निघाला नाही.

तुमच्या ह्यांच्यासाठी सांगतो. साध्या प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा धरत नाहीत. बीपी-साखर अर्जात स्पष्ट लिहा आणि ते धरणारी पॉलिसी घ्या, महाग पडली तरी. नव्वद दिवसांच्या गोळ्या इथूनच न्या, आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मी टेल्मिसार्टन असं लिहून नेलं होतं, आपला ब्रँड तिकडच्या फार्मसीत कुणाला कळत नाही. तातडीसाठी ११२, सगळ्या युरोपीय संघात हाच नंबर. आणि चांगल्या पकडीचे बूट घ्या, यात काटकसर नको.

बोलोन्याला ही भीती कमी. तिथले रस्ते कमानींच्या पडव्यांनी झाकलेले आहेत, पावसात छत्री लागत नाही. टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंत ६६६ कमानी आहेत, जवळजवळ चार किलोमीटर. आम्ही तीन ठिकाणी बसत बसत गेलो. घरभाडं मात्र पोर्तुगालच्या पावणेदोनपट.

खर्च काल्दासचा सांगतो. एका बेडरूमचं घर महिन्याच्या बोलीवर ७५० युरो. किराणा, भाजी, फोन, बस-रेल्वे, आठवड्याला एकदा बाहेर जेवण धरून दोघांचे महिन्याला १,४५० च्या आसपास. पोर्तुगालच्या सरकारी रेल्वेत ६५ पूर्ण झालेल्यांना ओळखपत्र दाखवून निम्मं तिकीट. विमान, व्हिसा, विमा वेगळे.

आणि घर विकू नका. हे मी हात जोडून सांगतो. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दोघांनाही बोलायला काही उरत नाही, बाहेर ऊन छान असतं आणि मन नाशिकच्या सोमेश्वरला पोचलेलं असतं. तो दिवस निघून जातो. पण तो निघून जातो कारण आपल्याला माहीत असतं, की इथल्या दाराची किल्ली आपल्या पाकिटात आहे.

ब्रागावासी:

मूळची कॉलेज रोडची, बँकेतून लवकर निवृत्त होऊन नवऱ्याबरोबर दोन वर्षांपूर्वी पोर्तुगालला आले. काकांनी ९० दिवसांचं छान सांगितलंय, मी 'कायमचं जा' बद्दल लिहिते.

त्याला डी-७ व्हिसा म्हणतात. पेन्शन, भाडं, व्याज असं नियमित उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाइतकं लागतं. २०२५ ला ते महिना ८७० युरो होतं, जोडीदारासाठी त्यावर निम्मं, म्हणजे दोघांचे १,३०५. शिवाय तिथल्या घराचा करार आणि बँकेत शिल्लक. पहिला परवाना दोन वर्षांचा, मग तीन वर्षांचा.

ओळखीचे लोक सांगत नाहीत ते हे. पहिल्या परवान्याच्या दोन वर्षांत सलग सहा महिने, किंवा तुकड्यातुकड्याने मिळून आठ महिने, एवढंच पोर्तुगालबाहेर राहता येतं. म्हणजे अर्धं वर्ष नाशिक, अर्धं तिकडे हे जमत नाही. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की करासाठी तिथले रहिवासी. परदेशी पेन्शनवरची जुनी सवलतीची योजना २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली, तेव्हा सीएला आधी भेटा.

आणि हिवाळा. बहुतेक घरांत खोल्या तापवायची कायमची सोय नाही. जानेवारीत घरात स्वेटर घालून बसतो, कपाटाच्या मागे बुरशी धरते, हवेतला ओलावा शोषणारं यंत्र रोज चालवावं लागतं आणि त्याची टाकी सकाळी भरलेली असते. मला इथलं आयुष्य मनापासून आवडतं. पण आई गेली तेव्हा मी पंचवटीत पोचले ती तिसऱ्या दिवशी. हे धरून निर्णय घ्या.

आजी म्युनिकची:

आम्ही लेकीकडे दरवर्षी दोन महिने जातो. ते राहणं वेगळं, तिकडे आपण नातवाच्या शाळेच्या वेळेत बांधलेले. तुम्ही दोघंच जाताय तर गावातल्या वाचनालयात जात जा. मला भाषा येत नाही, पण चित्रांची पुस्तकं चाळत बसले की कुणीतरी येऊन बोलतंच.

इंदिरानगरच्या बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. घर विकायचा विषय संपला, मुलालाही तसा फोन केला. पुढच्या एप्रिलला काल्दास नक्की. काका, जेवणाचं थोडं सांगा. ह्यांना पोळी-भाजी लागतेच. इथून काय नेता येईल? घरचं तूप चालेल का?

जुना प्रेसवाला, नाशिकरोड:

तूप नको ताई. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, पेढेसुद्धा नाहीत. लोणी तिथे उत्तम मिळतं, ही घरीच कढवते. ताजा कढीपत्ता पण नेऊ नका. गोडा मसाला, हिंग, हळद घट्ट बंद करून न्या. गव्हाचं पीठ मिळतं, पण पोळी आपल्यासारखी मऊ होत नाही, कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. लाटणं न्या. कुकर तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा. त्याची रबरी रिंग एक जास्तीची ठेवा, आमची पहिल्या वर्षी दहाव्या दिवशी गेली आणि सगळा गाव पालथा घालून तसली मिळाली नाही.